सतरा चाखणकर आणि एक हंडा

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाही मुंग्या रांगेनं चालायच्या आणि माणसं ढकलाढकली करायची. त्या काळी एक राज्य होतं आणि राज्याला एक राजा होता. राजा मनानं चांगला होता. डोक्यानंही काही वाईट नव्हता, पण डोकं सदा मुकुटाखाली, त्याला वारा जरा कमीच लागायचा.

राज्याच्या एका टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात चिंचेच्या झाडाखाली शाळा भरायची. शाळेत चाळीस पोरं होती, एक पंतोजी होते आणि एक अनसाक्का होती.

पंतोजी पोरांना शिकवायचे. अनसाक्का पोरांना जेवू घालायची. दोघांतलं अवघड काम कोणाचं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पंतोजींना तेवढं ठाऊक नव्हतं.

शिधा राजाकडून यायचा. तांदूळ, मुगाची डाळ, हळद, मीठ. अनसाक्का तीन दगडांच्या चुलीवर हंडा चढवायची आणि मऊसूत खिचडी शिजवायची. खाणारी पोरं पाच-सात वर्षांची, तेव्हा तिखट नाही, मसाला नाही. चिंचेची सावली आखडून बुंध्याशी आली की पंगत बसायची.

पंगतीला एक रीत होती. पंतोजींनी घालून दिलेली. पान मांडलं की पोरांनी पाढा म्हणायचा, आणि शेवटच्या पानात खिचडी पडेपर्यंत थांबायचं नाही. बे एके बे, बे दुणे चार. दोनाचा पाढा संपता संपता अनसाक्काची पळी पंगतीच्या टोकाला पोचायची. खिचडीतून वाफ निघत असायची, आणि मग अर्धी घटका शाळेत असा गोड सन्नाटा पसरायचा की चिंचेवरचे कावळेसुद्धा मान वाकडी करून बघायचे.

पंगतीच्या टोकाला ठकी बसायची. पाच वर्षांची पोर. डोंगरापलीकडच्या वाडीवरून चालत यायची. तिची आई उजाडायच्या आत लोकांच्या शेतावर जायची, घरात सकाळी चूल पेटायची नाही. बाकीची पोरं शाळेत दुपारचं जेवायची. ठकी शाळेत दिवसाचं जेवायची. अनसाक्कानं तिला मुद्दाम टोकाला बसवलं होतं, कारण हंड्याच्या तळाशी जे दाट दाट उरतं, ते टोकाच्या पानाला मिळतं.

असं सगळं बरं चाललं होतं. आणि बरं चाललेलं माणसाला कुठं बघवतं?

एके दिवशी पाटलाच्या पोराच्या दाताखाली खडा आला. एवढासा, मोहरीएवढा. पोरानं तो थुंकला आणि पुढचा घास घेतला. पण बातमी घरी पोचेतो खडा बोराएवढा झाला, चावडीवर पोचेतो लिंबाएवढा, आणि राजाच्या दरबारात पोचला तेव्हा धोंडाच झाला होता.

राजा कळवळला. म्हणाला, "माझ्या राज्यातल्या लेकरांच्या घासात धोंडा? आजपासून शाळेच्या हंड्याला एक चाखणकर नेमा. आधी मोठ्यानं चाखायचं, मग लेकरांनी जेवायचं. न चाखलेलं लेकरांना वाढलं, तर ती चूलच बंद!"

हुकूम वाईट होता का? मुळीच नाही. जगातली निम्मी डोकेदुखी चांगल्या हुकमांतूनच निघालेली आहे.

पहिला चाखणकर झाला पाटील. पहिल्या दिवशी त्यानं बोटावर चिमूटभर खिचडी घेतली, जिभेला लावली आणि "हां" म्हणाला. पोरांचा पाढा अजून बे पंचे दहावर होता. अनसाक्काला वाटलं, एवढंच असेल तर चालेल बाई.

तिसऱ्या दिवशी पाटील म्हणाला, "अक्का, मीठ कमी हाय."

"पोरांच्या बेतानं हाय, पाटील."

"चाखणकर कोण, मी का तू?"

आणि त्यानं मूठभर मीठ हंड्यात टाकलं. अनसाक्कानं हंडा ढवळला. पण तिच्या कपाळावर एक आठी पडली, ती पुढं बरेच दिवस मोडली नाही. उलट तिला शेजारणी मिळत गेल्या.

आठवड्यानं राजाचा कारभारी आला. उपरणं सावरत म्हणाला, "पाटलांच्या जिभेवर तंबाखूचा थर. त्यांना चव काय डोंबल कळणार? चाखणकरावर चाखणकर पाहिजे." तो स्वतःच दुसरा चाखणकर झाला. त्याला खिचडी सपक लागली. त्यानं चिंच पिळायला लावली.

मग वैद्यबुवा आले. "मूग थंड, तांदूळ थंड. लेकरांना कफ होईल," असं म्हणून त्यांनी मिरपूड घातली. मग पाटलाचा मेहुणा आला. त्याची लायकी काय, तर तो पाटलाचा मेहुणा. त्यानं मिरच्या घातल्या. मग गुरवाला वाटलं की देवळातल्या माणसाशिवाय चाखणं अपवित्र. तेल्याला वाटलं, तेलाचं आपल्याशिवाय कोणाला कळतं? मग चाखणकरांचे व्याही आले, भाऊबंद आले. शेवटी पंतोजीही हळूच म्हणाले, "शाळा माझी, आणि मीच तेवढा बाहेर?"

आता राजाचं काम उभ्यानं करणं म्हणजे राजाचा अपमान. म्हणून पाट आले. पाट आले म्हणून द्रोण आले. द्रोण रिकामा कसा द्यायचा, म्हणून तो काठोकाठ भरणं आलं. आणि मेहुणा म्हणाला, "नुसत्या खिचडीची चव उमगत न्हाई. संगट पापड पाहिजे."

"पापड?" अनसाक्का म्हणाली. "पोरांनी पापड बघितला न्हाई जल्मात."

"पोरं कुठं चाखणकर हायेत?"

अनसाक्कानं पळी उचलली होती, पण ती मेहुण्याच्या डोक्यात न घालता हंड्यातच घातली. मोठं मन लागतं त्याला.

इकडं पंगत पाढे म्हणत बसलेली. सहा चाखणकर झाले, तेव्हा पोरं बाराच्या पाढ्यावर गेली. दहा झाले, तेव्हा एकोणिसावर. सतरा झाले, तेव्हा तिसाचा पाढा संपून पावकी, निमकी, पाऊणकी असे पाव-अर्ध्याचे पाढे सुरू झाले. म्हातारीकोतारी आजही सांगतात, "आमच्या वेळी पोरांना पाढे कसे तोंडपाठ!" असतील हो. पोटात आग पडल्यावर दुसरं करणार काय?

आणि एवढं थांबून पानात पडायचं काय? गार, खारट, आंबट, तिखट लगदा, तोही अर्धी पळी. पोरं एक घास घ्यायची, नाक पुसायची आणि पाणी प्यायची.

अनसाक्कानं काय करून बघितलं नाही! जास्त शिजवलं, तर चाखणकरांचे द्रोण परडीएवढे झाले. चाखणकरांना वेगळ्या पातेल्यात शिजवून दिलं, तर कारभारी गरजला, "पोरांच्या हंड्याचं चाखायचं का तुझ्या पातेल्याचं? फसवतेस आम्हाला?" एकदा तिनं गुपचूप आधी पोरांना वाढायला घेतलं, तर मेहुणा ओरडला, "न चाखलेलं वाढती! चूल बंद करा हिची!" चूल बंद झाली तर अर्धी पळीही गेली. अनसाक्कानं भरलेली पानं परत हंड्यात ओतली. त्या दिवशी ती कोणाशी बोलली नाही. चुलीशी मात्र बरंच बोलली, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ती कारभाऱ्याकडं गेली. "कारभारी, चाळीसातली चोवीस पोरं यायची बंद झाली. सोळा उरलीत."

कारभारी मिशीत हसला. "मग बरंच झालं की. शिजवायचं काम कमी झालं तुझं."

अनसाक्का तिथून निघाली ती वाटेवरच्या दगडधोंड्यांना सांगत निघाली, "ह्यांच्या टाळक्यात भुसा, आन् तोबी चाखून भरल्याला!"

चिंचेखाली ठकीची आई उभी होती. पदराला हात पुसत होती, नजर वर करत नव्हती.

"अक्का, राग मानू नगा. पोरगी घरी येती ती भुकेनं कळवळत येती. काल वाटंत चक्कर यिऊन बसली. पुढल्या बाजारापासनं तिला शेळ्यांमागं धाडते."

"अगं, पाच वर्सांची हाय ती."

"व्हय. पर उपाशीच ऱ्हायाचं, तर शेळ्या तरी राखंल. तिथं चार बोरं तरी मिळत्याली."

बाजार सहा दिवसांवर होता.

त्याच दिवशी गावचा कुंभार मडकी घेऊन राजधानीला निघाला होता. अनसाक्कानं त्याला वेशीवर गाठलं. "राजाच्या वाड्यावर मडकी देतोस न्हवं? मग माझा निरोप दे. म्हणावं, चाखणकर सतरा झाले आन् पोरं सोळा. आता पाट पोरांना द्यावं आन् पाढे चाखणकरांना लावावं, का कसं?"

कुंभार इमानी होता. त्यानं शब्दाला शब्द सांगितला. राजा आधी हसला, मग त्यानं सतरा आणि सोळा पुन्हा मोजून पाहिले, मग म्हणाला, "घोडं काढा."

पाचव्या दिवशी, ऐन जेवणाच्या वेळी राजा चिंचेखाली उतरला. सकाळपासून घोड्यावर, पोटात काही नाही. सतरा चाखणकर हात जोडून उभे राहिले. त्यांनी सतरा पाटांच्या पुढं अठरावा पाट मांडला होता. त्याला चांदीची फुलं, भोवती रांगोळी.

राजा पाटाकडं निघाला, तोच अनसाक्का पळी घेऊन आडवी आली.

"महाराज, एक इचारू? तुम्ही चाखाया आलाय का जेवाया?"

राजाची मान ताठ झाली. "राजा चाखत नसतो, बाई. राजा जेवतो."

"मग जेवणाऱ्यांची पंगत तिकडं." अनसाक्कानं पळीनं पोरांकडं दाखवलं.

कारभारी धावला. "ए बये! महाराजांना जमिनीवर बसवतेस?"

"मी कोण बसवणार? महाराजांचाच हुकूम हाय. चाखणारे आधी, जेवणारे मागनं. का बदलला हुकूम?"

राजानं कारभाऱ्याकडं पाहिलं, पळीकडं पाहिलं. स्वतःचा हुकूम स्वतःच मोडायचा, तोही सोळा पोरांसमोर? तो मुकाट्यानं पंगतीच्या टोकाला गेला आणि ठकीच्या शेजारी मांडी घालून बसला. पुढं पत्रावळ आली. पत्रावळीवर काही आलं नाही.

"आता काय?" राजानं हळूच विचारलं.

"आता पाढा," ठकी म्हणाली. "तोंड मिटलं तर पंतोजी डोळं वटारत्यात."

सोळा पोरं आणि एक राजा पाढे म्हणू लागले. दहापर्यंत राजा जोरात होता. अकराला आवाज बसला. बाराला घाम आला. तेराच्या पाढ्यावर तो अडकला.

"तेरा साती... तेरा साती..."

"एक्याण्णव," ठकी पुटपुटली.

"तुला गं कसं येतं एवढं?"

"रोज म्हणतो की. खिचडी येईस्तोवर."

"आणि खिचडी कधी येते?"

"तीस झालं की पावकी. पावकी झाली की निमकी, पाऊणकी. मग येती. आली तर."

राजाच्या पोटातून गुर्रर्र असा आवाज आला. पलीकडचं पोर वाकून म्हणालं, "तुमच्या पोटात मांजर हाय?"

तिकडं सतरा जणांना तर ऊत आला होता. राजा बघतोय म्हटल्यावर प्रत्येकानं इमान दाखवायचं ठरवलं. पाटलानं मीठ टाकलं, दोनदा. वैद्यबुवांनी मिरपुडीची पुडीच उपडी केली. मेहुण्यानं तीन द्रोण चाखले आणि म्हणाला, "अजून खात्री पटंना." खिचडी आंबट झाली म्हणून कारभाऱ्यानं गूळ टाकला, गोड झाली म्हणून पाटलानं पुन्हा मीठ. अनसाक्का कमरेवर हात ठेवून उभी होती. आज तिला थांबवायचं नव्हतं.

पोरं पाऊणकीवर आली तेव्हा हंडा पंगतीकडं निघाला. पहिल्या पानात अर्धी पळी. पाचव्यात पाव पळी. दहाव्यात पळीच्या टोकाला चिकटलेलं. ठकीपाशी येऊन अनसाक्कानं उलथन्यानं हंडा खरवडला, तेव्हा चार बोटं खरवड निघाली. राजाच्या पानावर तिनं हंडा उपडा धरला. काही पडलं नाही.

"संपली," ती म्हणाली.

"संपली?"

"रोज संपती. रोज ह्या टोकालाच संपती. आज नवं काय, तर तुम्ही बसलाय."

राजा रिकाम्या पानाकडं बघत राहिला. ठकीनं आपल्या खरवडीचे दोन भाग केले. बराच वेळ तिनं दोन्ही भाग डोळ्यांनी मापले, मग त्यातला लहान भाग राजाच्या पानात ढकलला. मोठा भाग देईल एवढी काही ती वेडी नव्हती.

"घ्या. पर पाण्याचा तांब्या जवळ ठेवा."

राजानं घास तोंडात टाकला. त्याचे कान लाल झाले, मिशा ताठ झाल्या, डोळ्यांतून पाणी आलं.

"हे कोणी केलं?"

"शिजवली मी, महाराज. बिघडवली सतरा जणांनी."

राजा सतरा जणांकडं वळला. "काय हो, कशी झाली होती चव?"

"उत्तम, महाराज! अमृत!" सतराही जण एका सुरात म्हणाले, आणि त्या सुराच्या शेवटी मेहुण्याला असा लांबलचक ढेकर आला की चिंचेवरचे कावळे उडाले.

राजा ताडकन उठला. "अस्सं! तर मग ऐका. या सतरा जणांवर लक्ष ठेवायला उद्यापासून मी एक नवा, मोठा..."

"महाराज!" अनसाक्कानं पळी हंड्यावर अशी आपटली की घोडं बिचकलं. "अठरावा नेमताय का?"

राजानं जीभ चावली. मुकुट काढून मांडीवर ठेवला. डोक्याला जरा वारा लागला असावा, कारण आवाज खाली आला. "मग तूच सांग, बाई. मी तर खड्यासाठी केलं होतं हे. उद्या पुन्हा एखाद्या लेकराच्या दाताखाली खडा आला तर?"

"खडा चाखून कुठं सापडतो, महाराज? निवडून सापडतो. चाळीस पोरांचे तांदूळ एकटी निवडते, डोळं म्हातारं झालं, एखादा ऱ्हातो. मला जीभ नगं. मला सूप आन् डोळं द्या."

एवढी साधी गोष्ट. सतरा जिभांना सुचली नव्हती.

राजानं तिथंच हुकूम फिरवला. पहिला घास अनसाक्का स्वतः खाईल. लगोलग पोरांना वाढलं जाईल, हंडा चुलीवरून उतरल्या उतरल्या. ज्यांना पोरांची फारच काळजी आहे, त्यांनी सकाळी उन्हं यायच्या आत येऊन, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडावेत. जेवायला बसायचं ते पोरांच्या मागून, उरलं तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सतरा जणांना सतरा सुपं दिली. पाटलाची कंबर धरली. कारभाऱ्याला अचानक राजधानीतलं काम आठवलं. वैद्यबुवांनी स्वतःलाच पथ्य सांगितलं की वाकून बसू नये. गुरवाला देव बोलावत होता, तेल्याला बैल. पंतोजी म्हणाले, "मला पाढे घ्यायचेत." एका प्रहरात चिंचेखाली सतरा सुपं आणि एक मेहुणा उरला. त्याला घरी बायको बसू देत नव्हती.

त्या दिवशी पोरं दोनाचा पाढा म्हणतच होती, तोवर वाफाळती खिचडी टोकाला पोचली.

तो बाजाराचा दिवस होता. ठकीची आई काठी घेऊन आली होती, पोरीला शेळ्यांमागं न्यायला. ती झाडाआड थांबली. तिची पोर मान खाली घालून जेवत होती. एकदा वाढून घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा अनसाक्कानं पळी पुढं केली, तर ठकीनं पानावर आडवा हात धरला आणि म्हणाली, "नको अक्का. भरलं."

हा शब्द आईनं लेकीच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिनं काठी झाडाला टेकवली, मेहुण्याच्या शेजारी बसली आणि एक सूप पुढं ओढलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आया आल्या, मग आणखी चौघी. महिन्याभरात सतराही सुपांना हात लागले आणि पंगतीला पुन्हा चाळीस पानं मांडली जाऊ लागली.

म्हणून लहानथोर हो, ध्यानात ठेवा: ज्याच्या नावानं चूल पेटली त्याच्या पोटात आधी घास जाऊ द्या, आणि त्याची फारच काळजी असेल तर चाखायला नको, निवडायला बसा.